कळ

आमच्या घरी ब्राऊनी आला तो २०२० सालच्या टाळेबंदीत. चर्चची दारे बंद होती, रविवारची मिस्सा आम्ही टीव्हीसमोर गुडघे टेकून ऐकत होतो आणि शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायची तरी ती कुंपणावरून मागावी लागत होती. अशा एका सकाळी वाडीच्या कडेला, शेवग्याच्या बुंध्यापाशी, कोणीतरी पोत्यात घालून सोडलेले दीड महिन्याचे पिल्लू आमच्या सुनेला सापडले. ते ना धड लॅब्राडॉर, ना धड गावठी. रंग मात्र भाजलेल्या खोबऱ्याचा; म्हणून ब्राऊनी. वसईच्या वाड्यांतून आजवर किती ब्राऊनी होऊन गेले असतील याची गणती नाही. त्यांत आमच्या एकाची भर पडली.

‘आम्ही’ म्हणजे या घरातील दोन वृद्ध माणसे. एकाची नोकरी विरार-चर्चगेट लोकलच्या दारात उभे राहून सरली, दुसरीची प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात दोघांचाही हात सारखाच आहे. म्हणून ‘मी’ हा शब्द आम्ही या लिखाणात मुद्दामच वापरलेला नाही.

आमच्या बालपणी कुत्र्याला शिकवावे लागते ही कल्पनाच कोणाला नव्हती. कुत्रा वाडीत असे, बावखलाच्या काठी झोपे, रात्री भुंके, आणि शिळी भाकरी व मासळीच्या पाण्यातला भात खाऊन आपले आयुष्य पुरे करी. रस्त्याने बैलगाडी जाई, सायकल जाई, क्वचित टांगा जाई. कुत्रा मागे धावला तरी बैल मान वळवूनही पाहत नसे. आता त्याच रस्त्यावरून मिनिटाला एक मोटारसायकल जाते. रस्ता बदलला, कुत्र्याच्या रक्तातली धाव मात्र तीच राहिली. पळणारी वस्तू दिसली की तिचा पाठलाग करावयाचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि ‘नको’ म्हणून विसरताही येत नाही. ब्राऊनीला तर इंजिनाचा आवाज दूरवर आला की कान उभे करून फाटकाखालच्या फटीतून सरपटत बाहेर पडण्याचे कसबच साधले होते. आम्ही वर्तमानपत्राची सुरळी वापरली, काठी उगारली, साखळीने बांधून पाहिले. सुरळी त्याने फाडली, काठीला तो घाबरू लागला, आणि साखळीवर दिवसभर असा रडला की आम्हीच ती सोडली.

२०२२ च्या पावसाळ्यात जे होणार होते ते झाले. चार घरे पलीकडचा एक तरुण कामावरून परतत होता. ब्राऊनी आडवा गेला, गाडी घसरली, मुलाचा गुडघा फुटला आणि सहा टाके पडले. औषधपाण्याचा खर्च आम्ही दिला. तो त्याच्या आईने मुकाट्याने घेतला. पण पुढील रविवारी मिस्सेत एकमेकांना शांती देण्याची वेळ आली तेव्हा तिने हात पुढे केला आणि नजर दुसरीकडे ठेवली. चाळीस वर्षांचा शेजार होता. त्या नजरेने आम्हांला जितके बोचले तितके औषधांच्या बिलाने बोचले नाही.

त्याच वर्षी नाताळला आमची कन्या व जावई कॅनडाहून आले. जावयांच्या कानी सारी हकीकत गेलेलीच होती. नाताळच्या दुपारी जेवणे उरकल्यावर त्यांनी आमच्यासमोर एक सुबक पेटी ठेवली. आत काळा पट्टा, त्यावर काडेपेटीएवढी एक डबी, डबीच्या आतल्या बाजूस दोन बोथट धातूचे खिळे, आणि सोबत हातात मावेल असा एक रिमोट. जावईबापू हे अभियंते; वस्तू आणताना त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता, हे आधीच नमूद करावयास हवे. कुत्र्याचे वजन, मानेचा घेर, केसांची लांबी त्यांनी आमच्याकडून फोनवर विचारून घेतली होती. स्वस्तातल्या पट्ट्यांत झटक्याच्या चार-पाचच पायऱ्या असतात आणि एका पायरीवरून दुसरीवर जाताना एकदम उडी बसते. म्हणून त्यांनी १ ते १०० अशा बारीक पायऱ्यांचा पट्टा निवडला होता. नुसता ‘पी’ असा आवाज काढण्याची कळ वेगळी, नुसत्या थरथरीची वेगळी, विजेची वेगळी. डबीत पाणी शिरत नाही. कळ दाबून धरली तरी काही सेकंदांनी वीज आपोआप बंद पडते. लांब केसांच्या कुत्र्यासाठी लांब खिळ्यांची जोडीही होती. असा पट्टा घ्यावयाचाच असेल तर काय पाहून घ्यावा, हे आम्हांला त्या दुपारी पुरते कळले. आता तर ते आपल्याकडेही घरबसल्या मागवता येतात, आणि चित्रात ते सगळे सारखेच दिसतात.

त्याची रचना अवघड नाही. रिमोटमधून रेडिओलहर निघते, डबी ती पकडते आणि त्या दोन खिळ्यांमधून कातडीवरून क्षणभर वीज वाहते. ती मानेच्या तेवढ्या जागेपुरतीच असते. साऱ्या अंगातून जात नाही आणि कातडी भाजत नाही. जखमा होतात त्या बहुधा विजेने नव्हेत, तर खिळे एकाच जागी तासन्‌तास रुतून बसल्याने. म्हणून पट्टा रात्री काढावा, दिवसाही त्याची जागा बदलत राहावी, असे पुस्तिकेत ठळक छापले होते. अमेरिकेत १९६० च्या दशकात हे यंत्र शिकारी कुत्र्यांसाठी निघाले. शेतापलीकडे पाव-अर्धा मैल दूर गेलेल्या कुत्र्यापर्यंत मालकाचा हात पोहोचत नाही, शीळही पोहोचत नाही; तिथे ही अदृश्य दोरी पोहोचू लागली. पुढे ती शिकाऱ्याच्या हातून घरगुती माणसाच्या हाती आली.

त्या दुपारी टेबलाभोवती मोठी मौज झाली. प्रत्येकाने पट्टा आपापल्या मनगटाला लावून पाहिला. आठवर काहीच जाणवले नाही. पंधरावर मुंगी चालल्यासारखे वाटले. चाळीसवर आमच्यापैकी एकाचा हात आपोआप उडाला आणि वाईनचा पेला कलंडला. सारे हसले. त्याच्यापुढे कोणी गेले नाही. नंतर ब्राऊनीला पट्टा घातला. बारावर त्याचा एक कान हलला आणि मान खाजवावी तसे त्याने केले. पुस्तिकेप्रमाणे हाच त्याचा योग्य आकडा: कुत्र्याला जेमतेम जाणवेल तेवढा, ओरडेल तेवढा नव्हे.

पुस्तिकेत याहून महत्त्वाची पाने आधी होती. ती आम्ही चाळली, वाचली नाहीत. त्यांत लिहिले होते की, आधी लांब दोर आणि खाऊ यांच्या साह्याने ‘ये’ हा शब्द कुत्र्याला पक्का शिकवावा. त्याला तो शब्द पूर्णपणे कळल्यावरच, आणि तोही अगदी खालच्या आकड्यावर, पट्टा जोडावा. म्हणजे ज्याला हाक मारल्यावर यावयास शिकवलेले आहे त्याच्यासाठी ते साधन. आमच्या ब्राऊनीला ‘ये’ म्हणजे ‘तुझी इच्छा असेल तर ये’ एवढेच ठाऊक होते. त्याला न शिकवलेला धडा आम्ही थेट परीक्षेला घातला.

पहिले आठ-दहा दिवस चमत्कारासारखे गेले. बारा आकड्याची वीज मोटारसायकल समोर असताना त्याला जाणवतच नसे. उत्साहात भूक, तहान, वेदना सारेच बोथट होते. म्हणून आम्ही वीसवर गेलो, मग तीसवर, शेवटी चाळीसवर. चाळीसवर तो जागच्या जागी थबकला. दोन-तीनदा असे झाल्यावर फाटकाकडे जाईनासाच झाला. आमची छाती फुगली. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्ही चार लोकांना ते सांगितले. त्यांतील एका गृहस्थांनी किंमतही विचारली.

जानेवारी २०२३ मधील एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, दूधवाल्याची मोटारसायकल वळणावर आली. ब्राऊनी बऱ्याच दिवसांनी फाटकाकडे झेपावला. आम्ही दोघेही ओट्यावर होतो. रिमोट स्वयंपाकाच्या अॅप्रनच्या खिशात होता. खिशातल्या खिशात त्याचे चाक फिरले होते, हे नंतर कळले. आकडा सत्तरच्या पुढे गेलेला होता. कळ दाबली गेली. त्याच क्षणी छोटी, आमची चार वर्षांची नात, शेजारच्या घरून बोरांची पिशवी घेऊन फाटकाच्या लहान दारातून आत आली.

ब्राऊनीने जो आवाज काढला तो आम्ही त्याच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. तो हवेत उडाला, स्वतःभोवती फिरला, आणि डोळे उघडून पाहिले तेव्हा त्याच्यासमोर छोटी उभी होती. दूधवाला केव्हाच निघून गेला होता.

मराठीत बटणालाही कळ म्हणतात आणि दुखण्यालाही. आम्हांला कोणती कळ दाबली ते माहीत होते. कुत्र्याला कोणाकडून कळ आली ते माहीत नव्हते, आणि त्याने आपल्या परीने हिशेब मांडला. रशियातील पावलोव यांनी शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी दाखवून दिले तेच येथे घडले: दोन गोष्टी एकाच वेळी आल्या की प्राणी त्यांची गाठ मारतो. गाठ कोणाशी मारावयाची हे त्याला कोणी विचारीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून छोटी दिसली की तो ओट्यावरच्या दगडी बाकाखाली शिरू लागला. ज्या मुलीच्या पायाशी तो दोन वर्षे झोपला तिच्या पावलांच्या आवाजाने त्याचे अंग कापू लागले. आमच्याविषयीही त्याच्या मनात काही बदलले होते. खिशातून रोझरी काढण्यासाठी हात घातला तरी त्याचे कान मागे पडत. छोटीला यातले काहीच समजत नव्हते. ब्राऊनी रुसला आहे अशी तिची समजूत झाली, आणि रुसलेल्याची समजूत कशी काढावयाची ते तिला ठाऊक होते. पुढच्या मंगळवारी तिने बिस्किट घेतले, ओट्यावर पालथी पडली आणि बाकाखाली हात घातला. तो गुरगुरला. तिने हात आणखी पुढे केला.

मनगटावर दोन दात उमटले, रक्ताचा एक थेंब आला. ब्राऊनीला रेबीजची लस दिलेली होती. तरीही सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी धोका पत्करला नाही आणि ते योग्यच होते. त्या दिवशी पहिले इंजेक्शन झाले. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यावे असे चिठ्ठीवर लिहून मिळाले. छोटी इंजेक्शनाला रडली त्याहून अधिक ‘ब्राऊनीने असं का केलं’ म्हणून रडली.

त्या रात्री घरात जी बैठक झाली ती सांगताना आजही हात अडखळतो. मुलाचा संताप अनावर झाला होता आणि बाप म्हणून तो योग्यच होता. लहान मुलाला चावणारे जनावर घरात राहणार नाही. कोणी सुचवले, गाडीत घालून खाडीपलीकडे सोडून यावे. कोणी म्हणाले, एकदा दात लागला की त्याला चटक लागते. सून काहीच बोलत नव्हती. मुलीला मांडीवर घेऊन थोपटत होती. आम्ही दोघेही गप्प बसलो. शनिवारी काय घडले ते घरात आमच्या दोघांशिवाय कोणीही पाहिलेले नव्हते. कुत्रा ओरडला, तो गाडीला घाबरला असेल, असे आम्हीच सर्वांना सांगितले होते. मंगळवार गेला, बुधवार गेला. कुत्र्याला तोंड होते, पण बोलता येत नव्हते, आणि ज्यांना बोलता येत होते त्यांनी तो दोष त्याच्या गळ्यात राहू दिला. पट्टा तर आम्ही त्याच शनिवारी काढून कपाटात टाकला होता. का काढला, हेही कोणी विचारले नाही.

गुरुवारी संध्याकाळी रोझरी झाली. मुलाने दुसऱ्या दिवशीसाठी मित्राची गाडी सांगून ठेवली होती. तेव्हा आम्ही सांगितले. आकडा सांगितला, अॅप्रनच्या खिशाचे सांगितले, छोटी नेमकी केव्हा आत आली तेही सांगितले. कपाटातून रिमोट आणून टेबलावर ठेवला. चाक अजून तसेच होते. मुलाने तो पट्टा आपल्या हाताला लावला आणि कोणी अडवण्यापूर्वी कळ दाबली. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. सून म्हणाली, “मम्मी, पप्पा, एवढं आधी सांगायला काय झालं होतं?” याला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. गाडी रद्द झाली. परंतु छोटी व ब्राऊनी यांनी एकत्र यावयाचे नाही असे ठरले, आणि त्या घरात आमच्या शब्दाला पूर्वी असलेले वजन परत येण्यास कुत्र्याच्या दुरुस्तीपेक्षा अधिक काळ लागला.

त्या आठवड्यात आमच्या भाचीचा फोन आला. ती वेल्समध्ये, कार्डिफला, परिचारिका आहे. सारे ऐकून ती म्हणाली, “मावशी, इथं तर असा पट्टा घालणं गुन्हा आहे.” आम्हांला ते खरे वाटेना. पण ते खरेच आहे: वेल्सने २०१० सालीच कुत्र्या-मांजरांना विजेचा पट्टा घालण्यास कायद्याने बंदी केली, आणि २०११ साली समुद्रकिनारी सापडलेल्या एका कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा आढळल्यावरून त्याच्या मालकाला दोन हजार पौंडांचा दंड झाला. जर्मनीत तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ साली असाच निर्णय दिला. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्या काळी हे यंत्र आपल्याकडे कोणाच्या स्वप्नातही नसेल. विनाकारण यातना देणे हा त्यात गुन्हा आहे, मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. आमचे वाईनचे सांडलेले पेलाभर पेय त्याहून महाग होते.

भाचीने काही शास्त्रीय लेखही धाडले. शिक्षकी पेशाची सवय. आम्ही ते शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. ते वाचताना आपल्याच घरातली गोष्ट कोणीतरी आधीच लिहून ठेवली आहे असे वाटत होते. जर्मनीतील हॅनोव्हर येथे १४ बीगल कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही कुत्र्यांना नकली सावजाला तोंड लावताक्षणीच झटका बसे, काहींना हाकेला न आल्यास, आणि काहींना केव्हाही, कशाचाही मेळ नसताना. सर्वांत अधिक ताण, लाळेतील द्रव्यावरून मोजला तेव्हा, त्या शेवटच्या गटात आढळला. अचूक वेळी आलेला झटका कुत्रा समजून घेतो आणि टाळतो. मेळ नसलेला झटका त्याला साऱ्या जगाचे भय घालतो. हॉलंडमधील दोघा संशोधकांनी २००४ साली पहारेकरी जर्मन शेफर्ड कुत्री पाहिली. पट्ट्याने शिकवलेली कुत्री नंतर मोकळ्या बागेत, नुसती फिरायला नेली तरी, मालकासोबत असताना कान पाडून चालत. हे वाचल्यावर आमच्यापैकी एकाने खिशातील रोझरी गळ्यात घालावयास सुरुवात केली.

आणि ज्यांना पट्टा कौशल्याने वापरता येतो त्यांचे काय? तोही प्रश्न इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला होता. त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हाकेला न येणारी, मेंढ्यांमागे धावणारी अशी ६३ पाळीव कुत्री. एका गटाला पट्टे बनवणाऱ्यांच्याच पसंतीच्या जाणत्या शिक्षकांनी पट्ट्याने शिकवले. दुसऱ्याला त्याच शिक्षकांनी पट्ट्याविना. तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या शिक्षकांनी. सुधारणा तिन्ही गटांत झाली. पट्ट्याच्या गटात ती अधिक झाली नाही; ताणाची चिन्हे मात्र तिथे अधिक दिसली.

येथे एक गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. पट्ट्याला शिव्या देणारी आणि हाती काठी घेऊन फिरणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. आम्हीही त्यांतलेच होतो. ब्राऊनीच्या पाठीवर आधी जी सुरळी पडली, मानेला जी साखळी काचली, तिची मोजदाद कोणत्या डबीने केली नाही एवढेच. बहिऱ्या कुत्र्याला नुसत्या थरथरीचा पट्टा घालून ‘माझ्याकडे बघ’ अशी खूण शिकवतात, तीही याच घराण्यातील वस्तू आहे आणि तिच्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. जावयांनाही आम्ही दोष देत नाही. त्यांनी चांगला पट्टा आणला होता. चुकीच्या क्षणी तो चांगला राहिला नाही, आणि असा क्षण कोणाच्याही ओट्यावर येतो.

पशुवैद्य बाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. सारे कान देऊन ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “काका, तुमच्या फाटकाला खालून जाळी बसवायला किती खर्च येईल?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अडीच वर्षांत हे आम्हांला सुचले नव्हते. जाळी आणि आतून एक लहान दुसरे फाटक मिळून साडेतीन हजार रुपये लागले, आणि मोटारसायकलींचा मूळ प्रश्न त्या एका दुपारी सुताराने व लोहाराने निम्म्याहून अधिक सोडवला.

उरलेला निम्मा मात्र सात महिने पुरला. बाईंनी सांगितले तसे आम्ही केले. दहा मीटरचा सुती दोर ब्राऊनीच्या अंगपट्ट्याला बांधला. मानेला काही नाही. उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे नखाएवढे तुकडे केले. छोटी वाडीच्या दुसऱ्या टोकाला, चाफ्याच्या झाडाजवळ, आईचे बोट धरून येई. ती दिसली की ब्राऊनीच्या पुढ्यात तुकडा पडे. ती झाडाआड गेली की तुकडे बंद. तिने त्याच्याकडे पाहावयाचे नाही, हाक मारावयाची नाही. चार वर्षांच्या मुलीला हे सांगणे कुत्र्याला शिकवण्याहून कठीण होते. पण तिने ते पाळले. पहिले आठ दिवस त्याने तुकड्याला तोंडही लावले नाही. मग एके दिवशी तिच्याकडे पाहत खाल्ला. मग ती चाफ्याजवळ दिसताच आमच्या हाताकडे पाहू लागला. त्या दिवशी आम्ही अंतर दोन पावलांनी कमी केले आणि घाई नडली. तो पुन्हा बाकाखाली गेला, आणि दहा दिवस मागे जावे लागले. असे अनेकदा झाले. एखाद्याची भीती किती खोल गेली आहे हे आपल्याला मोजता येत नाही. ती बाहेर कशी येते एवढेच पाहत बसावे लागते.

मोटारसायकलीचा अभ्यास करावयाचा तर मोटारसायकल हवी, आणि ती सावकाश चालवणारा माणूस हवा. तो कोण मिळाला असेल? ज्याचा गुडघा फुटला होता तोच तरुण. आम्ही विचारण्याचे धाडस केले नव्हते, सुनेने केले. लेंटच्या सहा रविवारी मिस्सेनंतर तो आला, आधी वळणावर इंजिन सुरू करून नुसताच उभा राहिला, मग हळूहळू जवळून गेला. आम्ही दोर धरून, काळजाचे तुकडे हातात घेऊन बसलेले. तिसऱ्या रविवारी त्याची आई फाटकापाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, “कुत्र्याला काळीज आणि माझ्या पोराला नुसता चहा?” त्या दिवशी ती आत आली, ओट्यावर बसली, आणि जेवून गेली.

पट्टा अजून कपाटात आहे. किंमत विचारणारे ते गृहस्थ मध्यंतरी तो मागावयास आले. आम्ही घडलेले सारे त्यांना सांगितले, पशुवैद्य बाईंचा फोन नंबर दिला आणि पट्टा दिला नाही. त्यांना ते रुचले नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या अल्सेशियनच्या गळ्यात नवा पट्टा दिसला. रिमोट त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होता. त्याच्या चाकाला टिकली लावून ते पक्के करा, एवढे सांगून आम्ही घरी आलो.

ऑगस्ट अखेरीस एका दुपारी आम्ही ओट्यावर लसूण सोलत होतो. छोटी पायरीवर चित्रे रंगवत बसली होती. दोर तिच्या आईच्या हातात होता. ब्राऊनी उठला, चार पावले गेला, थांबला, आमच्याकडे पाहिले. तुकडे त्या वेळी हाताशी नव्हते. मग तो आपणहून गेला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, पाठ तिच्याकडे करून बसला. छोटीने रंगाचा खडू खाली ठेवला नाही, मान वळवली नाही, फक्त हळूच विचारले, “मम्मी, आता बघू?”

आता ती शाळेत जाते. घरी आल्यावर दप्तर टाकून पहिली धाव त्याच्याकडे असते. फाटकाच्या आत, जिथे त्याला झटका बसला, तिथे एक जुनी काळी फरशी आहे. ब्राऊनी अजूनही तिच्यावर पाय ठेवीत नाही. फाटकाकडे जाताना तिला वळसा घालून, भिंतीच्या कडेने जातो. मागच्या पावसाळ्यात आम्ही ती फरशी काढून दुसरी बसवली. तो तिलाही वळसा घालतो.